पोथीत नाही, म्हणून खोडायचं का?

कुणाच्या भाकरी झाल्या असतील, कुणाची शेवटची तव्यावर असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आम्ही सांगोला तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. वाचणारी एक आहे, पण बोलणं बारा जणींचं आहे, म्हणून आम्ही 'आम्ही' म्हणतोय.

आज कर्जाचं नाही, हप्त्याचं नाही. आज सीतेचं बोलणार आहोत, आणि सीतेवरून आमच्या गटात जे भांडण झालं त्याचं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावातल्या एक आजी वारल्या. जात्यावर बसल्या की उजाडेपर्यंत गात असत. दहाव्याच्या दिवशी सगळ्या म्हणत होत्या, "किती गायच्या बाई!" पण चार ओळी सलग कुणाला आठवेनात. आता जातं हळदीपुरतं बाहेर निघतं. पीठ गिरणीतून येतं आणि गिरणीच्या आवाजात कोण गाणार? म्हणून आम्ही ठरवलं की ज्या दोन-तीन म्हाताऱ्या उरल्यात त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. गटाच्या पैशातून दोनशे पानी वही आणली. सुरुवात सीतेपासून केली, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त गाणी तिचीच. जात्यावर ती, पंचमीच्या फेरात ती, पाळण्यात तिचे लव-अंकुश.

तिसऱ्या बैठकीतच ठिणगी पडली. आमच्यात एक आक्का आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी सीतेच्या दुसऱ्या वनवासाचं गाणं सांगितलं. त्यात असं आहे की लंकेहून परत आल्यावर कैकयी सीतेला विचारते, रावण दिसायला कसा होता? सीता म्हणते, मी मान वर करून बघितलंच नाही, पायाचा अंगठा तेवढा दिसला. कैकयी म्हणते, मग अंगठाच काढून दाखव. सीता भिंतीवर अंगठा काढते. ती आत गेल्यावर कैकयी त्या अंगठ्यावर अख्खा रावण काढते आणि रामाला बोलावून दाखवते, बघ, तुझ्या बायकोच्या मनात कोण आहे ते. तिथून सीतेचा वनवास सुरू होतो.

आमच्यातली एक जण श्रावणात देवळात रामविजय वाचते. वाचते चांगली, लोक ऐकायला बसतात. ती म्हणाली, "आक्का, हे पोथीत नाही. रामाच्या घरातलं असलं काहीबाही कसं लिहायचं?" आणि तिनं पेन घेऊन पानावर आडवी रेघ मारली. आक्का काही बोलल्या नाहीत. पदर सारखा केला आणि उठल्या. पुढच्या दोन बैठकांना त्यांनी हप्ता नातवाच्या हाती पाठवून दिला.

आम्हाला वाईट वाटलं, पण नुसतं वाईट वाटून भागेना. कारण वाचणाऱ्या सुनेचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नव्हतं. सीतेची गोष्ट काही कुणा एकीची नाही. सगळ्यांच्या सामाईक गोष्टीत जो तो मनाला येईल ते घालायला लागला, तर उद्या आपल्या नातवंडांना काय मिळणार? मग कोणतं धरायचं आणि कोणतं सोडायचं? आणि हे ठरवायचं कुणी?

आम्ही तालुक्याला वाचनालयात बसणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. त्यांनी उलट आम्हालाच विचारलं, "पोथीत नाही म्हणता, पण कोणत्या पोथीत?"

आम्ही म्हणालो, रामविजय. गुरुजी हसले. म्हणाले, रामविजय लिहिणारे श्रीधरस्वामी आपल्याच जिल्ह्यातले, नाझऱ्याचे. ग्रंथ पंढरपुरात लिहून झाला तो 1703 साली. म्हणजे आपली पोथी तीनशे वर्षांपूर्वीची. त्याच्याही आधी एकनाथ महाराजांनी भावार्थ रामायण लिहायला घेतलं होतं. ते युद्धकांडात अर्धं राहिलं आणि पुढचा भाग गावबा नावाच्या त्यांच्या शिष्यानं पुरा केला. या दोघांच्या कितीतरी आधी वाल्मीकींचं संस्कृत रामायण. हिंदीत तुलसीदासांचं, तमिळमध्ये कंबनचं, बंगालीत कृत्तिवासाचं. सगळ्यांत राम तोच, सीता तीच, पण प्रसंग कमीजास्त.

मग गुरुजींनी एक गोष्ट दाखवली, जी आमच्या वाचणाऱ्या सुनेनं शंभर वेळा वाचली होती, पण तिकडे लक्ष गेलं नव्हतं. रामविजयातला प्रत्येक अध्याय संपताना श्रीधरस्वामी सांगतात की याला आधार वाल्मीकींचा आणि नाटकाचा आहे. म्हणजे त्यांनीही एकाहून जास्त ठिकाणांहून घेतलं आणि घेतलं ते लपवलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरी येताना एसटीत आमची चर्चा रंगली. एकीनं विचारलं, "मग वाल्मीकींच्या रामायणात काय नाही, ते तरी बघू या का?" पुढच्या खेपेला गुरुजींकडून तेही समजून घेतलं. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाच्या जुन्या हस्तलिखित प्रती जमवून, एकमेकींशी ताडून, 1960 ते 1975 या काळात त्याचे सात खंड छापलेत. आता ऐका त्यात काय नाही.

शबरीची उष्टी बोरं नाहीत. शबरी आहे, तिनं रामासाठी रानातलं गोळा करून ठेवलेलं आहे, पण चाखून बघून दिलेली बोरं नाहीत.

लक्ष्मणरेषा नाही. सीता लक्ष्मणाला टोचून बोलते, तो नाइलाजानं निघतो आणि जाताना वनदेवता तुझं रक्षण करोत असं म्हणून जातो. दारापुढं रेघ ओढत नाही.

आणि परीट नाही. सीतेबद्दल नगरातली माणसं बोलतात, आणि ते बोलणं भद्र नावाचा माणूस रामाच्या कानावर घालतो. कुणा एका परटाच्या तोंडी ते घातलेलं नाही.

हे ऐकल्यावर आम्ही बराच वेळ गप्प बसलो. कारण आपण सगळ्या काय ऐकत मोठ्या झालो? मुलगी उंबऱ्याबाहेर उशिरापर्यंत राहिली की लक्ष्मणरेषा. सून माहेरी चार दिवस जास्त राहिली की लक्ष्मणरेषा. तेव्हा कुणी कधी विचारलं का, की हे कोणत्या पोथीत आहे? आक्कांचं गाणं मात्र पोथीत नाही म्हणून एका रेघेत गेलं. म्हणजे बाईला बांधणारी गोष्ट पोथीत नसली तरी चालते आणि बाईचं दुःख सांगणारी गोष्ट पोथीत नसली की खोडली जाते. मापट्यानं मोजायचं तर दोन्हीकडे एकच मापटं पाहिजे ना?

आमच्या गटात एक परीट समाजाची बहीण आहे. ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "लहानपणी शाळेत रामायण झालं की पोरं माझ्याकडं बघून हसायची. सीतेला तुमच्यामुळं जावं लागलं म्हणायची. मी आईला विचारलं होतं, आपण असं का केलं?" तिला बोलताना भरून आलं. आम्हालाही. गोष्टीत काय धरायचं हा निव्वळ विद्वानांचा प्रश्न नाही हे आम्हाला तिथं कळलं. गोष्टीतला एक माणूस बदलला की गावातल्या एका आळीच्या वाट्याला बोल येतो.

मग कुणाला वाटेल, की सर्वांत जुनं ते खरं धरावं, बाकीचं सोडावं. हा रस्ताही आम्ही चालून बघितला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताचं असं काम केलंय. 1919 साली सुरू झालं आणि 1966 साली संपलं. डॉक्टर विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याला दिशा दिली आणि काम पुरं व्हायच्या कितीतरी आधी ते गेले. 1259 हस्तलिखितं तपासली गेली, काश्मीरपासून केरळपर्यंतची, वेगवेगळ्या लिप्यांतली.

त्यांची रीत आपल्याला सहज कळेल अशी आहे. समजा एका आजीच्या दोन नाती, एक दिली अक्कलकोटला आणि एक करमाळ्याला. दोघींची वर्षानुवर्षं गाठ नाही. तरी दोघी एकच ओवी शब्दाला शब्द सांगतात. तर ती ओवी त्यांनी एकमेकींकडून घेतलेली नाही, ती आजीकडूनच आलेली असणार. आणि एखादी ओळ फक्त अक्कलकोटच्याच नातीकडे असेल, तर ती तिकडे मागाहून आलेली असू शकते. काश्मीरची प्रत आणि केरळची प्रत यांच्या बाबतीत त्यांनी हेच बघितलं.

त्यातून काय निघालं? व्यासांनी सांगायचं आणि गणपतीनं लिहायचं, ही आपल्या सगळ्यांची लाडकी कथा मूळ पाठात राहिली नाही. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तोही मूळ पाठात नाही.

पण मैत्रिणींनो, खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. त्यांनी जे वगळलं ते फेकून दिलं नाही. पानाच्या तळाला बारीक अक्षरात छापलं, मोठं असेल तर पुस्तकाच्या शेवटी वेगळं जोडलं, आणि ते कोणत्या कोणत्या प्रतींत आहे तेही लिहिलं. ज्याला बघायचं त्यानं बघावं. आमच्या वहीवर मारली तशी रेघ त्यांनी कुठंच मारली नाही.

आणि आणखी एक. त्यांची रीत लिहिलेल्या ग्रंथाची. जात्यावरच्या गाण्याला मूळ प्रत कुठून आणणार? प्रत्येक बाई गाताना थोडं बदलते, आणि तरी ते गाणं तेच असतं. आमच्याकडच्या गाण्यात सीता रानात एकटी रडते तेव्हा बोरी-बाभळी तिच्या जवळच्या बाया होऊन तिची समजूत घालतात. हे कुठल्या ग्रंथातून आलं असेल? ज्या बाईनं आपल्या या माळावर बोरी-बाभळीशिवाय दुसरं काही पाहिलं नाही, तिनं ते घातलं असेल. त्याचं वय कमी असेल, पण ते खोटं कसं म्हणायचं?

इथवर आलो आणि आमचं जवळजवळ ठरलं होतं की कुणीही काहीही सांगो, सगळं लिहायचं. तेवढ्यात दुसरी भानगड झाली.

आमच्यातल्या एका तरुण पोरीनं एक ओवी आणली. त्यात सीता भर दरबारात रामाला उलट प्रश्न विचारते. ओवी इतकी ठसकेबाज की सगळ्यांनी दोन-दोनदा म्हणून घेतली. ती म्हणाली, "माझ्या आज्जीची हाय." लिहिली. पुढच्या महिन्यात तिची आई आली होती, तिला ओवी वाचून दाखवली. आई म्हणाली, "माझ्या सासूला असलं काय येत नव्हतं." पोरगी लाल झाली. मग म्हणाली, "माझी म्हणून सांगितली असती, तर तुम्ही लिहिली असती का?"

खरं सांगतो, आमच्याकडे उत्तर नव्हतं. नसतीच लिहिली आम्ही.

तेव्हा एकनाथ महाराजांची आठवण निघाली. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये सांगितली गेली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं लोक हातानं नकला करत राहिले. कुणी चुकून बदललं, कुणी मुद्दाम स्वतःची ओवी घातली. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथ महाराजांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला. शेवटी त्यांनी बजावलं की यात जो आपली ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखं होईल. पण हेच एकनाथ महाराज स्वतः लिहायचे थांबले नाहीत. भारुडं लिहिली, रामायण लिहिलं. आपलं ते आपल्या नावानं आणि ज्ञानोबांचं ते ज्ञानोबांच्या नावानं, एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही त्यातून हे घेतलं, की नवीन करण्याला बंदी नाही, पण नव्याला आजीचं लुगडं नेसवून आणायचं नाही.

अशा ओव्या जमवायचं मोठं काम आपल्या महाराष्ट्रात आधीच झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आणि त्यांच्या सोबतच्या खेड्यातल्या कार्यकर्त्यांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीला जोडून ठेवलं. त्यामुळे आज आपण सांगू शकतो की ही ओवी अमक्या गावच्या अमक्या बाईची. एरवी आपल्या आज्यांचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठं लिहिलं गेलं होतं?

हे सगळं पुढ्यात ठेवून आम्ही वहीचे नियम केले. तुमच्या गटाला उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिला नियम असा, की वहीत रेघ मारायची नाही. दोन जणींचं सांगणं जुळलं नाही तर दोन्ही लिहायचं, एकाखाली एक.

दुसरा, प्रत्येक गाण्याखाली चार गोष्टी लिहायच्या. सांगणारीचं नाव, तिचं माहेर, ती कुणाकडून शिकली, आणि ते कधी म्हणायचं, दळताना, पंचमीला की पाळण्याला. माहेर का, तर गाणं बाईबरोबर माहेराहून सासरी येतं. आमच्या वहीतली निम्मी गाणी आमच्या गावची नाहीतच. मंगळवेढ्याकडून आलीत, जतकडून आलीत, माणदेशातून आलीत.

तिसरा, शेवटी एक खूण करायची. पोथीत असेल तर कोणत्या पोथीत ते नावानिशी. नुसतं 'पोथीत आहे' असं लिहायचं नाही. पोथीत नसेल, पण दोन-तीन गावच्या बाया सांगत असतील, तर त्या गावांची नावं. एकटीकडेच असेल तर तसं. टीव्हीवरून आलं असेल तर तेही लिहायचं. यात कमीपणा नाही. 1987 साली रामानंद सागरांची मालिका लागली तेव्हा अख्खं गाव एका टीव्हीपुढं बसायचं. त्यांनीही कोणकोणती रामायणं आधाराला घेतली ते नावं देऊन दाखवलं होतं, आणि त्यात आपलं भावार्थ रामायणही होतं.

चौथा, नवीन ओवी केली तर करणारीचं नाव आणि तारीख घालून लिहायची. त्या पोरीची ओवी आता तिच्या नावानं आहे. वहीतलं ते पान सगळ्यात जास्त चुरगळलंय, कारण सगळ्या तेच उघडतात.

पाचवा नियम करायला सगळ्यात वेळ लागला. वहीत ठेवणं वेगळं आणि चार लोकांत गाणं वेगळं. परटावर बोल लावणारं एक जुनं गाणं आमच्याकडे आलं. ते वहीत आहे, कारण आपल्या आज्या असंही गात होत्या हे पुसून टाकणं खोटेपणा होईल. खाली आम्ही लिहिलंय की वाल्मीकींच्या रामायणात परीट नाही. पण पंचमीच्या फेरात ते म्हणायचं नाही असं ठरलं. आमच्या त्या बहिणीला विचारूनच ठरवलं. ती म्हणाली, "लिव्हा. पण माझ्या पोरीपुढं गाऊ नका."

आता आक्कांचं सांगायचं राहिलं.

नियम झाल्यावर आम्ही वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. रामविजय वाचणारी सून पुढं होती. तिनंच त्या रेघ मारलेल्या पानाच्या शेजारच्या पानावर सगळं गाणं पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढलं होतं. खाली लिहिलं होतं, सांगणार आक्का, त्यांचं पूर्ण नाव, माहेर, दळताना म्हणायचं, रामविजयात नाही. आक्कांना वाचता येत नाही. सुनेनं वाचून दाखवलं. आक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोथीत न्हाई हे लिव्हलं ते बरं केलंस. मला कुठं म्हणायचंय की पोथीत हाय? पर हे मी आमच्या थोरल्या आत्तीकडनं शिकले. ती बाळंतपणात गेली. तिचं नाव घाल."

सुनेनं नाव घातलं. आक्का नंतर दोन ओव्या जास्तीच्या म्हणाल्या, त्या आम्हाला माहीतच नव्हत्या. रेघ कायम राहिली असती तर आम्हाला त्या कधीच कळल्या नसत्या.

जुनं रेघ मारलेलं पानही आम्ही फाडलं नाही. नियम सगळ्यांना सारखा, आमच्या चुकीलाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. घरात, शेजारी जी कुणी जुनी गाणारी असेल, तिच्यापाशी बसा आणि गाणं खरं की खोटं हे विचारण्याआधी एवढं विचारा, "तू हे कुणाकडनं शिकलीस?" आणि जे नाव सांगेल ते लिहून ठेवा.

आता तव्याकडे बघा.